झाडीपट्टीतली बिनतारी वाट

माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. त्यातली बरीच वर्षं यंत्रांपेक्षा टेकड्या, झाडं आणि तलाव मोजण्यात गेली, असं सांगितलं तर घरच्यांनाही खरं वाटत नाही. गाव एकोडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा. आमच्याकडे बिनतारी म्हटलं की लोकांना वाटतं, तार नाही म्हणजे जमिनीचा संबंध संपला. खरं तर तार ओढणाऱ्याला जमिनीची जेवढी माहिती लागते, त्याच्या दुप्पट बिनतारीवाल्याला लागते. तार वळणावरून वळते, झाडाला बगल देते, नाल्यावरून लोंबकळत जाते. सूक्ष्मलहरींचा, म्हणजे मायक्रोवेव्हचा, दुवा बांधायचा तर दोन टोकांमधला प्रत्येक उंचवटा, प्रत्येक मोहाचं झाड आणि प्रत्येक तळं-बोडी कागदावर आणावी लागते. ही विद्या आपल्या विदर्भात रेडिओच्या शंभर वर्षं आधी येऊन गेली होती, आणि तिचा एक मोठा कारागीर इथेच मातीत गेला.

त्याचं नाव विल्यम लॅम्बटन. १८०२ मध्ये मद्रासजवळ त्यानं जमीन त्रिकोणांनी मोजायला सुरुवात केली आणि कन्याकुमारीकडून उत्तरेकडे जाणारी मोजणीची मोठी रेषा वर वर सरकवत आणली. हैदराबादहून नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला आणि तिथेच त्याला पुरलं. वर्धा जिल्ह्यातून जाताना मला दर वेळी त्याची आठवण येते. एका टेकडीवरून दुसरी टेकडी दिसते का, मधे काय आडवं येतं, आणि येत असेल तर किती उंच मचाण बांधायचं, एवढाच त्याचा रोजचा प्रश्न होता. मायक्रोवेव्हच्या सर्व्हेला निघालेल्या आमच्या माणसाचाही तोच असायचा.

लॅम्बटननंतर काम हाती घेतलेल्या जॉर्ज एव्हरेस्टला आणखी एक गोष्ट कळली. दिवसा उन्हानं हवा तापते, दूरची खूण थरथरते आणि कधी कधी दिसेनाशीच होते. रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, प्रकाशाचा किरण खाली वाकतो आणि दिवसा क्षितिजाआड असलेला दिवा वर उचलल्यासारखा दिसू लागतो. म्हणून त्यानं दिवसा आरशांनी ऊन परावर्तित करून आणि रात्री दिवे लावून निरीक्षणं घेतली. गंगा-यमुनेच्या सपाट दोआबात टेकड्याच नाहीत, तिथे त्याला दगडविटांचे मनोरे उभारावे लागले. हवा किरणाला वाकवते ही त्याची अडचण आम्हाला जशीच्या तशी वारशात मिळाली. आमच्या हिशेबात तिला एक अक्षर होतं, इंग्रजीतला ‘के’. नेहमीच्या हवेत त्याची किंमत ४/३ धरायची, म्हणजे रेडिओ किरणासाठी पृथ्वी प्रत्यक्षापेक्षा थोडी मोठी आणि सपाट आहे असं समजायचं.

महाराष्ट्रातला नाव घेण्याजोगा पहिला मोठा बिनतारी दुवा मात्र टेकड्यांची पर्वा न करणारा होता. पुण्याजवळ खडकीला प्रेषण केंद्र आणि रेल्वेने सत्तर-ऐंशी किलोमीटरवर दौंडला ग्रहण केंद्र. समोरचं टोक इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, ग्रिम्सबी आणि स्केग्नेसजवळ. मार्कोनी कंपनीच्या बीम पद्धतीवर चालणारी ही तारसेवा सप्टेंबर १९२७ मध्ये सुरू झाली. भारतातली बाजू इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीकडे होती. कॅनडाचा बीम १९२६ च्या ऑक्टोबरात सुरू झाला होता, ऑस्ट्रेलियाचा १९२७ च्या एप्रिलमध्ये, दक्षिण आफ्रिकेचा जुलैत. मग आपला.

प्रेषण एका गावी आणि ग्रहण दुसऱ्या गावी का, हे मला नोकरीच्या सुरुवातीला कळलं नव्हतं. एका ज्येष्ठ इंजिनियर साहेबांनी सांगितलं, ‘शेजारी बसून कुणी ओरडत असेल तर लांबून कुजबुजणाऱ्याचं ऐकू येईल का?’ खडकीचं यंत्र काही किलोवॅट ताकद हवेत सोडायचं, आणि इंग्लंडहून सात हजार किलोमीटर तुडवत आलेली लहर त्या मानानं नगण्य असायची. म्हणून ग्रहण दूर दौंडला. दोन्ही केंद्रं लँडलाइननं मुंबईच्या कार्यालयाला जोडलेली असत आणि संदेश पाठवण्याचं काम मुंबईतूनच चाले.

आधीची सरकारी योजना लांब लहरींची होती. प्रचंड ताकदीची यंत्रं, मैलभर पसरलेल्या अँटेना आणि चहूकडे उधळली जाणारी ऊर्जा. मार्कोनीचा सहकारी चार्ल्स फ्रँकलिन यानं लघुलहरींसाठी तारांचे पडदे आणि त्यांच्यामागे परावर्तक तारा अशी रचना केली. उंच खांबांवर हे पडदे टांगायचे, आणि त्यांचं तोंड दूरच्या केंद्राकडे, पृथ्वीच्या गोलावरच्या जवळच्या वाटेनं वळवायचं. भारतातून ते साधारण वायव्येला येतं. मग लहर आयनांबराच्या थरावर आपटून परत येते, पुन्हा जमिनीवर आपटते आणि अशा उड्या मारत पोचते. तो थर खरोखर आहे हे एडवर्ड अॅपलटननं १९२४ मध्ये दाखवून दिलं होतं, म्हणजे बीम सुरू होण्याच्या जेमतेम तीन वर्षं आधी. दिवसा एक लहर चालायची, रात्री दुसरी, कारण तो थर सूर्याप्रमाणे वरखाली होतो.

हा दुवा इतका स्वस्त आणि वेगवान निघाला की समुद्राखालच्या तारांच्या कंपन्यांच्या पोटावर पाय आला. १९२८ मध्ये लंडनला परिषद भरली आणि १९२९ मध्ये तारा आणि बिनतारी एका कंपनीत बांधून टाकल्या. तीच पुढे केबल अँड वायरलेस झाली. भारतात १ मे १९३३ ला लंडनशी रेडिओवरून दूरध्वनी सुरू झाला, आणि १ जानेवारी १९४७ ला ही सगळी परदेशी दळणवळण व्यवस्था सरकारनं ताब्यात घेतली. इतिहासाच्या पुस्तकांत याला साम्राज्याचा दुवा म्हणतात. मला त्यात आकर्षण वाटतं ते वेगळ्या गोष्टीचं. खडकी आणि दौंडला रात्रपाळीचे ऑपरेटर होते, मेकॅनिक होते, डिझेलवाले होते, रखवालदार होते. टोकांवर माणसं पगारी होती आणि त्यांना तिथेच राहायला लावलं होतं. पुढे आमच्या गावांच्या दुव्यांत नेमकं हेच राहून गेलं.

स्वातंत्र्यानंतर देशाच्या आतल्या दुव्यांना लघुलहरी पुरणार नव्हत्या. एका लहरीवर शेकडो संभाषणं न्यायची तर कंप्रता वाढवावी लागते, आणि वाढवली की लहर सरळ रेषेत चालते, टेकडीला अडते. कलकत्ता ते आसनसोल हा देशातला पहिला मायक्रोवेव्ह दुवा १९६५ मध्ये झाला. मग सत्तर-ऐंशीच्या दशकांत शहरं एकामागून एक टॉवरांनी जोडली गेली. गावच्या माणसाला एसटीडी मिळाली ती बहुतेक या टॉवरांमुळे. तो काळ आमच्या खात्याचा खरा काळ. आज ऑप्टिकल फायबरचं कौतुक चालतं, आणि ते रास्तच आहे; देशातली पहिली फायबर जोडणी १९७९ मध्ये पुण्यातच झाली. पण फायबरवाल्याला खड्डा खणायला माणसं लागतात. आम्हाला आधी वाट शोधायला माणसं लागायची.

शोधायची पद्धत अशी. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे घ्यायचे. साकोलीचा परिसर ५५ ओ/१६ या पानावर येतो, भंडारा शहर त्याच्या पश्चिमेच्या ५५ ओ/१२ वर. दोन टोकांमध्ये पट्टीनं रेघ ओढायची आणि ती जिथे जिथे समोच्च रेषेला छेदते तिथली उंची टिपत जायची. मग हे सगळं एका खास आलेखकागदावर चढवायचं, ज्याचा तळ सरळ नसून ४/३ वक्रतेचा असतो. चाळीस किलोमीटरच्या वाटेत मधोमध पृथ्वीचा फुगवटा साडेतेवीस मीटर येतो. म्हणजे दोन्ही बाजूंना सपाट धानाच्या बांध्या असल्या तरी मधे सात मजल्यांची इमारत उभी आहे असं धरून चालायचं.

त्यावर फ्रेनेलचं क्षेत्र. लहर दोऱ्यासारखी जात नाही. दोन अँटेनांच्या मधे ती काकडीसारखी फुगलेली असते आणि तो फुगीर भाग निदान साठ टक्के मोकळा लागतो. सहा गिगाहर्ट्झवर, चाळीस किलोमीटरच्या मध्यावर या क्षेत्राची त्रिज्या साधारण बावीस मीटर भरते, तिचे साठ टक्के म्हणजे तेरा-साडेतेरा. फुगवटा, मोकळीक आणि वर झाडांची वीस मीटर उंची मिळवली की सपाट जमिनीवर दोन्हीकडे सत्तावन्न-अठ्ठावन्न मीटरचे टॉवर निघतात. लोक विचारतात, एवढा उंच कशाला बांधला. उत्तर हेच.

कागद झाला की प्रत्यक्ष चालायचं. नकाशात टेकडी असते, टेकडीवरचं जंगल नसतं. एकानं एका टोकाला आरसा घेऊन उभं राहायचं, दुसऱ्यानं दुर्बिणीतून पाहायचं, ऊन चमकलं की वाट दिसली असं मानायचं. एव्हरेस्टच्या आरशांपासून आमच्या आरशांपर्यंत फारसा फरक पडला नव्हता. दव आणि धुक्यात पाहण्यात अर्थ नसायचा. उन्हाळ्यातल्या दुपारी क्षितिज नाचायचं. म्हणून कोवळं ऊन गाठायला पहाटेच निघावं लागे.

आता आमच्या मुलखाचं सांगतो, कारण पुस्तकात हे नसतं. झाडीपट्टीत तीन अडचणी, आणि त्यातली एक झाडीच. साग, येन, धावडा, तेंदू. मार्चमध्ये सर्व्हे केला तर सागाची पानं गळलेली असतात. डोळ्यांना वाट स्वच्छ दिसते आणि यंत्रही बरं दाखवतं. श्रावणात तीच झाडं ओल्या पानांनी भरतात. ओलं पान लहर पिऊन टाकतं, आणि कंप्रता जितकी जास्त तितकी ही भूक जास्त. उन्हाळ्यात आखलेला दुवा पावसाळ्यात अर्धमेला होतो, आणि वरचे साहेब विचारतात, यंत्र बिघडलं का. यंत्राला काही झालेलं नसतं. झाडाला पालवी फुटलेली असते, वाढ झालेली असते, एवढंच. टॉवरची उंची ठरवताना आजच्या झाडावर पुढच्या पंधरा वर्षांची वाढ मिळवायची, हा धडा आम्हाला वनखात्यातल्या माणसांनी दिला.

दुसरी तलावांची. भंडारा-गोंदियाचा हा पट्टा मालगुजारी तलावांचा. कोहळी समाजानं पिढ्यानपिढ्या बांधलेले. नवेगावबांध आणि आमच्या तालुक्यातला शिवणीबांध त्यातले नामांकित. शेतीचं पाणी, मासे, शिंगाडे सगळं त्यांतून आलं. रेडिओवाल्याला मात्र सपाट पाणी नको असतं. थेट आलेली लहर आणि पाण्यावरून उसळून आलेली लहर एकमेकींना छेद देतात. बेरीज होण्याऐवजी वजाबाकी होते. धानाच्या बांध्यांत रोवणीच्या वेळी पाणी साचलं की असा तलाव शेकडो एकर पसरतो. यावर दोन उपाय. एका टोकाची अँटेना उंच आणि दुसऱ्याची ठेंगणी ठेवून उसळीचा बिंदू पाण्यावरून खडबडीत जमिनीकडे ढकलायचा, किंवा एकाच टॉवरवर वर-खाली दोन डिश लावायच्या. एकीला वजाबाकी लागली की दुसरीला बहुधा बेरीज लागते. तुम्ही रस्त्यानं जाताना एका टॉवरवर एकाच दिशेला तोंड करून दोन डिश पाहिल्या असतील. दुसरी शोभेची नसते.

तिसरी अडचण हिवाळ्याच्या रात्री. तलावांवर गारठा बसतो, वरची हवा उबदार राहते आणि किरण भलतीकडे वाकतो. कधी उलटही होतं. ‘के’ ४/३ वरून २/३ वर उतरला तर त्याच चाळीस किलोमीटरच्या वाटेत साडेतेवीस मीटरचा फुगवटा सत्तेचाळीस होतो. टॉवर तेवढेच, डिश तेवढ्याच, आणि पहाटे चारला सिग्नल खाली. म्हणून हिशेबात तीस-चाळीस डेसिबलची शिल्लक ठेवायची असते. तीस डेसिबल म्हणजे नेहमीच्या ताकदीचा हजारावा भाग उरला तरी बोलणं चालू राहील एवढी तरतूद. शेतकऱ्याच्या कणगीत बियाणं वेगळं ठेवलेलं असतं, ते खाऊन टाकायचं नसतं. ही शिल्लकही कुणी कंत्राटदार स्वस्तात काम करायला म्हणून खायला बसला की मी भांडत असे.

पाऊस मात्र त्या कंप्रतांना फारसा छळत नव्हता. तो पुढे मोबाइलवाल्यांना भोवला. तेवीस गिगाहर्ट्झला शंभर मिलिमीटर प्रति तास पाऊस पडला तर किलोमीटरमागे दहा डेसिबलहून जास्त नुकसान होतं. म्हणून त्यांचे दुवे आखूड.

आता मार. मल्टी ॲक्सेस रुरल रेडिओ या नावाची इंग्रजी आद्याक्षरं जोडून आम्ही त्याला ‘मार’च म्हणायचो, आणि तो खाल्लाही भरपूर. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदच्या दशकात देशभर गावांना सार्वजनिक टेलिफोन देण्यासाठी ही पद्धत वापरली. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात १९९७ पर्यंत प्रत्येक गावात फोन हे उद्दिष्ट होतं, आणि गावोगाव खांब रोवून तारा ओढणं परवडणार नव्हतं. मग एक्स्चेंजजवळ टॉवर, त्यावर मध्यवर्ती अँटेना. गावात लोखंडी पाइपवर यागी अँटेना, खाली पेटी, सौर पाटी आणि बॅटरी. दोन रेडिओ वाहिन्यांवर पंधरापर्यंत गावं. दोन गावं बोलत असली की तिसऱ्याला गुंतल्याचा टोन.

कागदावर योजना सुंदर होती. मी स्वतः त्यातल्या काही वाटा आखल्या आणि त्या हिशेबाप्रमाणे चालल्या. सिग्नल पोचायचा. फोन पोचायचा नाही. बॅटरीत पाणी कुणी घालायचं हे आराखड्यात नव्हतं. फोन ज्याच्या घरी किंवा किराणा दुकानात ठेवला, तो माणूस परगावी गेला की घर कुलूपबंद आणि गावाचा फोनही. सौर पाटीवर घुबडांची आणि कावळ्यांची बैठक. एका गावी रात्री सिनेमा पाहायला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही लावला होता आमच्याच बॅटरीवर. पाच मैल सायकल मारून आलेला लाइनमन आणि मी, दोघंही मधल्या सुट्टीपर्यंत तो सिनेमा पाहत बसलो, मग तार काढली. रागावणार कुणावर? गावात तीच एक चालू बॅटरी होती.

खडकी-दौंडला टोकावर माणूस होता आणि त्याच्याशिवाय काही चाललं नसतं. मारमध्ये टोक गावावर सोडलं आणि गावाला त्याचा ना पगार, ना हक्क. शेवटी २००३ मध्ये सार्वत्रिक सेवा निधीतून देशातले एक लाख ऐंशी हजारांहून अधिक मार फोन बदलण्याचं काम हाती घेतलं गेलं. नव्या वायरलेस लोकल लूपचे फोन आले, आणि त्यांच्या पाठोपाठ मोबाइल इतक्या वेगानं आला की मारचे पाइप बऱ्याच गावांत वाळत घातलेल्या कपड्यांना आणि मांडवाच्या आडव्या वाशाला कामी आले.

पंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, तिचंच पुढे भारतनेट झालं. आमच्याकडे रस्ता रुंद करायला जेसीबी आला की फायबर तुटतं. तेव्हा माझ्या भाच्याच्या डोक्यात आलं की साकोलीकडून एकोडीकडे रेडिओनं वाट करायची. त्याचं ऑनलाइन अर्ज भरण्याचं दुकान आहे. ऑक्टोबर २०१८ पासून पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या बऱ्याच कंप्रता ठरावीक ताकदीपर्यंत विनापरवाना वापरता येतात. आमच्या काळी याच कामाला १९३३ च्या बिनतारी कायद्याखालचा परवाना, कंप्रतेसाठी दिल्लीतल्या कार्यालयाची मंजुरी आणि टॉवरसाठी वेगळी मंजुरी लागायची. त्यानं संगणकावर उपग्रहाच्या चित्रांतून वाटेचा छेद काढून आणला. रंगीत, देखणा. म्हणाला, ‘मामाजी, सगळं घरबसल्या दिसते नं, मंग तिथं जाऊन पाहाचं कायले?’

मी त्याला दहा किलोमीटरची वाट धरून साधा हिशेब मांडून दाखवला. फुगवटा दीड मीटर. फ्रेनेलचे साठ टक्के जवळपास सात मीटर. आणि वीस मीटरची झाडं. जमीन सपाट असली तर साडेअठ्ठावीस मीटर झाले. तुझा घराच्या स्लॅबवरचा खांब धरून किती होतात? त्याच्या चित्रात जमीन अचूक होती, झाडं नव्हती. उंचीच्या त्या फुकट आकड्यांत कुठे झाडाचा शेंडा मोजलेला असतो, कुठे जमीन, आणि ते वेगळं सांगितलेलं नसतं. मग आम्ही दोघं मोटारसायकलवर निघालो. त्याच्याकडे फोनमधला कंपास, माझ्याकडे हातआरसा.

वाटेवर एक मोहाचं झाड आडवं आलं. जुनं, भरगच्च. पोरगा म्हणाला, फांद्या छाटून घेऊ. ज्यांच्या वाट्याची मोहफुलं त्या झाडाखाली पडतात त्या बायका तिथेच बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि एवढंच विचारलं की इंटरनेट फुलं वेचून देणार आहे का. मी हसलो, तो हसला नाही. आता गावातलं टोक शंभरेक मीटर बाजूला सरकवायचं ठरतंय. त्यासाठी ज्यांच्या वाडीत खांब उभा राहील त्यांच्याशी बोलणी चालू आहेत: वर्षाचं भाडं किती, वीज गेली तर इन्व्हर्टर कोण पाहील, आणि ते लग्नाला परगावी गेले तर पेटीची किल्ली कोणाकडे राहील. हा शेवटचा मुद्दा मी भाच्याला छेदाच्या कागदावरच, दोन्ही टोकांच्या उंचीखाली लिहायला लावला आहे.